‘हे लिहून घेऊ नका’: बैठकीच्या खोलीत व्हॉइस असिस्टंट बसवणाऱ्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापन, मनुष्यबळ विभाग आणि आयटी विभाग

विषय : बैठकीच्या खोल्यांत आणि केबिनमध्ये बसवलेले व्हॉइस असिस्टंट

स.न.वि.वि.

आपले परिपत्रक मिळाले. कामकाज सुलभ व्हावे म्हणून प्रत्येक बैठकीच्या खोलीत व्हॉइस असिस्टंटचा, म्हणजे नावाने हाक मारली की बोलून उत्तर देणारा, स्पीकर बसवण्यात येत आहे, ऑनलाइन बैठकांत नोंदी घेणारा बॉट (संगणकप्रणाली) आपोआप सामील होईल, सर्वांनी सहकार्य करावे, एवढाच मजकूर. हे स्पीकर काय ऐकतात, ऐकलेले कुठे जाते, तिथे किती दिवस राहते आणि ते कोणाकोणाला ऐकता येते, याबद्दल एक अक्षरही नाही. मी आयटी विभागाला मेल करून विचारले, तर उत्तर आले, ‘सगळे डीफॉल्ट सेटिंगवर आहे, काळजी नसावी.’ मला काळजी वाटते ती नेमकी त्या डीफॉल्ट सेटिंगचीच. अंतर्गत मेलवर यापेक्षा जास्त काही हाती लागेना, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. शिवाय हा प्रश्न एकट्या आपल्या कार्यालयाचा नाही. वकील, हिशेबतपासनीस, डॉक्टर, समुपदेशक, सगळ्यांच्या टेबलांवर ही यंत्रे येऊन बसत आहेत आणि बहुतेक ठिकाणी कोणालाही न विचारता.

माझा संबंध काय, तर मी बैठकांची इतिवृत्ते लिहिते. संचालकांच्या बैठका, क्लायंटबरोबरच्या बैठका, तक्रार समितीच्या सुनावण्या, पगारवाढीच्या चर्चा, सगळीकडे कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी असते. इतिवृत्त म्हणजे बोललेले सगळे नव्हे, हे या कामात पहिल्यांदा शिकावे लागते. निर्णय काय झाला, कोणी विरोध नोंदवला, कोणते काम कोणाकडे आणि कधीपर्यंत, एवढे लिहायचे. आवाज चढला होता, कोणीतरी अर्धवट कल्पना मांडून स्वतःच मागे घेतली, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे त्या खोलीतच राहते. आणि जवळपास प्रत्येक बैठकीत एक क्षण असा येतो की कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणते, ‘हे लिहून घेऊ नका हं.’ मी पेन खाली ठेवते. त्यानंतर जे बोलले जाते ते बहुधा त्या बैठकीतले सर्वांत कामाचे असते. अमुक आकडे फुगवलेले वाटतात, एकदा तपासा. तमुक क्लायंट पैसे थकवणार अशी लक्षणे आहेत. त्याच्या घरी आजारपण आहे, त्याला या महिन्यात बाहेरगावी पाठवू नका.

मी पेन खाली ठेवले की ते सगळ्यांना दिसते. टेबलावरचा तो गोल डबा ऐकायचा थांबला की नाही, हे कोणालाच दिसत नाही.

आधी यंत्राच्या बाजूने जे म्हणायचे ते म्हणते. हे स्पीकर दिवसभराचे सगळे बोलणे रेकॉर्ड करून कंपनीला पाठवत असतात, असे मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० च्या सुमारास हे तपासले, तेव्हा सतत ध्वनिमुद्रण होत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. यंत्र आपल्या नावाच्या हाकेची वाट पाहत असते. त्यासाठी मायक्रोफोन मात्र कायम उघडा असतो आणि शेवटच्या काही क्षणांचा आवाज यंत्रातच फिरत राहतो. हाक ऐकू आली असे यंत्राला वाटले की पुढचा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे निघतो.

सगळी गोम ‘वाटले’ या शब्दात आहे. याच संशोधकांनी स्पीकरसमोर टीव्ही मालिका लावून ठेवल्या. कोणीही हाक मारत नसताना हे स्पीकर दिवसाला सरासरी १.५ ते १९ वेळा जागे झाले. काही वेळा तर २० ते ४३ सेकंद जागे राहिले. ४३ सेकंद थोडे वाटतात, पण ‘त्याचा करार आपण पुढे वाढवणार नाही’ हे वाक्य म्हणायला तीन सेकंद लागतात. त्याच वर्षी जर्मनीतील बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, यंत्रांना चुकून जाग आणणारे एक हजारांहून जास्त ध्वनिसमूह शोधून काढले. ॲमेझॉनच्या अलेक्साला ‘इलेक्शन’, ‘अनॲक्सेप्टेबल’ आणि ‘अ लेटर’ यांनी जाग येत होती, ॲपलच्या सिरीला ‘अ सिटी’ने. कार्यालयात दिवसभरात ‘लेटर’ आणि ‘अनॲक्सेप्टेबल’ किती वेळा कानावर पडते ते आपणच मोजावे. (हे पत्र त्या खोलीत कोणी मोठ्याने वाचून दाखवणार असेल, तर जरा जपून.)

चुकून जागे झालेले यंत्र काय करू शकते, याचा नमुना मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात दिसला. एका जोडप्याचे घरातले बोलणे अलेक्साच्या इको स्पीकरने रेकॉर्ड केले आणि पतीच्याच एका कर्मचाऱ्याला पाठवून दिले. ॲमेझॉनने दिलेले स्पष्टीकरण असे, की पाठीमागच्या बोलण्यातला एक शब्द यंत्राला आपल्या नावासारखा वाटला, पुढचे काही ‘मेसेज पाठव’ असे वाटले, कोणाला असे यंत्राने मोठ्याने विचारले तेव्हा बोलण्यातला एक शब्द संपर्कयादीतल्या नावासारखा वाटला, आणि खात्री करून घेतली तेव्हा कोणीतरी ‘राइट’ म्हणाले. चार गैरसमज ओळीने झाले आणि घरातले बोलणे हाताखालच्या माणसाकडे पोहोचले. आता घराच्या जागी अप्रेझलची बैठक ठेवून पाहा. आपल्या खोल्यांतले स्पीकर कार्यालयाच्या संपर्कयादीला जोडलेले आहेत का, हे मी विचारले होते. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

दुसरी तक्रार माणसांच्या कानांची. ‘मशिनच तर ऐकते’ असे मला जेवणाच्या सुट्टीत किमान तिघांनी सांगितले. २०१९ या एका वर्षात जे बाहेर आले त्यानंतर असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. अलेक्साची ध्वनिमुद्रणे ऐकून उतरवून घेणारी हजारो माणसे जगभर काम करतात, हे त्या एप्रिलमध्ये उघड झाले. जुलैमध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या प्रसारण संस्थेच्या हाती गूगल असिस्टंटच्या एक हजाराहून जास्त ध्वनिफिती लागल्या. त्यांपैकी १५३ वेळा कोणी हाकच मारलेली नव्हती, आणि फितींत कामाचे फोनही होते. त्याच महिन्यात सिरीच्या फिती ऐकणाऱ्या एका कंत्राटी कामगाराने ‘द गार्डियन’ला सांगितले की डॉक्टर आणि रुग्ण यांचे बोलणे, व्यवहारांच्या वाटाघाटी असे सगळे कानावर येते. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टची फोनसेवा स्काइप आणि व्हॉइस असिस्टंट कोर्टाना यांबाबत तेच कळले. ॲपलने त्या वेळी माफी मागितली आणि ग्राहकाने स्वतः होकार दिल्याशिवाय फिती माणसांना ऐकवायच्या नाहीत असे ठरवले. पुढे याच विषयावरच्या दाव्यात, आरोप मान्य न करता, ९.५ कोटी डॉलर देऊन २०२५ मध्ये तडजोड केली. बदल झाले, हे मान्य. पण ते आतल्या माणसांनी बातमी फोडल्यावर झाले.

सेटिंग बदलून प्रश्न मिटेल, असे आयटी विभाग म्हणेल. मिटणार नाही, कारण सेटिंग आपल्या मालकीचे नसते. काही इको स्पीकरवर आवाज क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरकडे, न पाठवता यंत्रातच प्रक्रिया करून घेण्याचा पर्याय होता. ॲमेझॉनने तो २८ मार्च २०२५ पासून बंद केला. ज्यांनी त्या पर्यायाच्या भरवशावर यंत्र विकत घेतले, त्यांचे काय? ‘डिलीट’चीही तीच गत. आईवडिलांनी सांगूनही मुलांच्या बोलण्याच्या नोंदी पूर्णपणे पुसल्या नाहीत या आणि अशा आरोपांवरून ॲमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकी सरकारशी २.५ कोटी डॉलरची तडजोड केली. आणि जर्मनीत एका ग्राहकाने कायद्याने मिळालेल्या हक्काखाली स्वतःची माहिती मागितली, तर त्याच्या हाती भलत्याच माणसाच्या सुमारे १,७०० ध्वनिफिती आल्या. ‘सीटी’ या तिथल्या संगणक मासिकाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये ते प्रकरण छापले. फितींतल्या बोलण्यावरून तो माणूस कोण हे मासिकाला शोधून काढता आले. ज्याच्या फिती होत्या, त्याला स्वतःला यातले काहीच माहीत नव्हते.

तिसरी तक्रार, आणि मला सर्वांत जास्त टोचते ती हीच. त्या खोलीत बोलले जाते ते सगळे आपले नसते. क्लायंट आपली अडचण सांगतो ती आपल्यावर विश्वास ठेवून. वकिलाने अशिलाचे, डॉक्टरने रुग्णाचे बोलणे बाहेर जाऊ द्यायचे नाही, हा त्यांच्या व्यवसायाचा पायाच आहे. लंडनच्या मिश्कॉन द रेया या वकिली संस्थेने मार्च २०२० मध्ये, घरून काम सुरू झाले तेव्हा, आपल्या वकिलांना सांगितले की अशिलांशी बोलताना घरातले असे स्पीकर बंद ठेवा. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, आयबीएमने आपल्या नेटवर्कवर सिरी बंद केली होती, कारण बोललेले प्रश्न बाहेर कुठेतरी साठत असतील ही शंका. संगणक बनवण्यात आणि चालवण्यात आयुष्य घालवलेल्या कंपनीला जी शंका आली, ती आपल्याला का येऊ नये? आपण तर ते यंत्र स्वतःहून टेबलाच्या मधोमध ठेवले आहे.

आणि संमतीचे काय? मुलाखतीला आलेला उमेदवार, सल्ला घ्यायला आलेले वयस्कर जोडपे, संध्याकाळी खोली आवरताना घरी फोन लावणाऱ्या सफाईच्या मावशी, यांपैकी कोणाला विचारले? खोलीच्या दारावर साधी पाटीही नाही. आम्हा कर्मचाऱ्यांचे म्हणाल तर परिपत्रकातले ‘सहकार्य करावे’ म्हणजे संमती नव्हे. युरोपातल्या डेटा संरक्षण नियामकांच्या गटाने २०१७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या माहितीबद्दल मत देताना हेच मांडले होते, की मालक आणि नोकर यांच्यात सत्ता सारखी नसते, त्यामुळे नोकराने दिलेली संमती मोकळेपणाने दिलेली असणे अवघड. ‘हरकत असल्यास कळवावे’ असे आपण लिहिले असते तरी अप्रेझलच्या तोंडावर किती जणांनी कळवले असते, ते आपणही जाणता.

याचा परिणाम दिसू लागला आहे. मागच्या एका सुनावणीत एक सहकारी आपल्या वरिष्ठाबद्दलची तक्रार सांगत होती. बोलता बोलता टेबलावरच्या स्पीकरची निळी कडी पेटली. खोलीत कोणीही त्याला हाक मारलेली नव्हती. ती थांबली. दोन-तीन सेकंदांनी कडी विझली, समितीच्या अध्यक्षांनी ‘बोला, बोला’ म्हटले, पण पुढची तिची उत्तरे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘आठवत नाही’ इतकीच होती. मी जे इतिवृत्त लिहिले ते बिनचूक आहे आणि त्यात काहीही नाही. अलीकडे जिन्यात गर्दी वाढली आहे, हे आपल्याही लक्षात आले असेल. ज्या गोष्टी बैठकीच्या खोलीत बोलायच्या, त्या लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या कट्ट्यावर उभे राहून बोलतात.

‘लपवायचे काही नसेल तर भ्यायचे कशाला?’ असा प्रश्न येणारच. तो विचारणाऱ्याने आधी स्वतःची केबिन तपासावी. आपल्या कार्यालयात वरच्या मजल्यावरच्या दोन केबिनमधले स्पीकर पहिल्या आठवड्यातच कपाटात गेले. मला त्याचे वाईट वाटले नाही, उलट बरे वाटले. धोका कळणारी माणसे वर आहेत, एवढे तरी समजले.

नोंदी घेणाऱ्या बॉटबद्दल मी बोलले तर माझी नोकरी वाचवण्यासाठी बोलते असे वाटेल. वाटू द्या. निर्णय आणि कामांची यादी काढायला मदत होत असेल तर मलाही ती हवी आहे, हात दुखेपर्यंत लिहिण्याची हौस कोणाला असते? पण हा बॉट बैठक संपली हे ओळखत नाही. २०२४ मध्ये एका संशोधकाने जाहीरपणे सांगितले की, गुंतवणूकदारांबरोबरच्या ऑनलाइन बैठकीनंतर नोंदी घेणाऱ्या सेवेने त्याला जो मजकूर पाठवला, त्यात तो बैठकीतून निघून गेल्यावर त्या गुंतवणूकदारांनी आपापसात केलेल्या खासगी गप्पाही होत्या. शिवाय बॉट जे लिहितो ते बोललेलेच असते असेही नाही. ओपनएआयच्या ‘व्हिस्पर’ या आवाजाचा मजकूर करणाऱ्या प्रणालीवर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कोणीही न बोललेली अख्खी वाक्ये सापडली, आणि जिथे बोलण्यात विराम जास्त तिथे हे जास्त घडत होते. तक्रार सांगणारा माणूस मधे मधे थांबतो. त्या थांबण्यात यंत्राने स्वतःचे वाक्य घातले तर ते कोणाच्या नावावर जाणार? आणि ज्यांचा उच्चार यंत्राच्या सवयीचा नाही त्यांचे हाल निराळेच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका होत्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. माझे इतिवृत्त चुकले तर पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवतात, दुरुस्ती होते, मगच कायम होते. बॉटचा मजकूर बैठक संपताच सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पडतो, आणि कोणीही न वाचलेला तो मजकूर वर्षभराने पुरावा म्हणून समोर येतो.

साठवलेले कधीतरी मागितले जाते, हेही विसरू नये. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या एका खून खटल्यात पोलिसांनी इको स्पीकरमधले ध्वनिमुद्रण मागितले. कंपनीने आधी विरोध केला आणि २०१७ मध्ये आरोपीनेच होकार दिल्यावर ते दिले. तपास यंत्रणेला योग्य मार्गाने माहिती मिळू नये असे माझे म्हणणे नाही. पण विरुद्ध बाजूच्या वकिलाने उद्या आपल्या बैठकीच्या खोलीतला आवाज मागितला, तर काय काय साठले आहे हे सांगू शकेल असा एकही माणूस आज आपल्याकडे नाही.

एका सहकाऱ्याबद्दल आवर्जून लिहिते. त्याला दृष्टी कमी आहे आणि आवाजाने संगणक चालवणे ही त्याची गरज आहे. माझ्या मागण्यांनी त्याची सोय हिरावली जाऊ नये. त्याचे साधन त्याच्या हेडफोनपुरते, त्याच्या संगणकापुरते आणि त्याच्या ताब्यात राहू शकते. सगळ्यांच्या बोलण्यावर लावलेला मायक्रोफोन ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्याचे नाव पुढे करून आपण तिचे समर्थन करू नये.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

बैठकीच्या खोल्या, केबिन, सुनावणीची खोली आणि क्लायंट बसतात ती जागा, इथले स्पीकर काढावेत. ज्यांना ते हवेच आहेत त्यांनी ते स्वागतकक्षात ठेवावेत आणि वर ठळक पाटी लावावी.

बॉट आपोआप सामील होणे बंद करावे. हवा असेल तेव्हा बैठकीच्या सुरुवातीला सर्वांना विचारावे, एकानेही नको म्हटले तर तो नको, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. मनुष्यबळ विभागाच्या, तक्रारींच्या आणि क्लायंटच्या बैठकांत तो कधीच नको.

स्पीकर बसवल्यापासून आजवर काय साठले, कुठे साठले, कोणाच्या खात्यावर साठले आणि कोणी ऐकले, याचा लेखी तपशील सर्व कर्मचाऱ्यांना द्यावा, ते सर्व पुसावे आणि पुसल्याची पुरवठादाराकडून लेखी खात्री घ्यावी. ज्या क्लायंटच्या बैठका या काळात झाल्या त्यांनाही कळवावे. हे अवघड जाईल, याची कल्पना आहे.

या आवाजांचा उपयोग कोण किती बोलले, कोणाचा सूर कसा होता, असल्या मोजमापासाठी किंवा अप्रेझलसाठी केला जाणार नाही, असे नियमात लिहावे. तोंडी आश्वासन पुरणार नाही. पुढच्या वेळी असे कोणतेही यंत्र आणण्याआधी त्याने खासगीपणाला काय धोका आहे याचे मूल्यांकन करावे आणि ते आम्हाला वाचायला द्यावे. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्यात जास्त जोखमीच्या कामांसाठी ही अट आहेच. तो कायदा आपल्याला लागू आहे की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्यातली चांगली पद्धत उचलावी.

उत्तर लेखी आणि सर्वांसाठी द्यावे. ते येईपर्यंत ज्या बैठकीचे इतिवृत्त मी लिहीन, तिथे सुरुवातीला उपस्थितांची संमती विचारेन. कोणीही नकार दिला तर स्पीकरची वायर काढून ठेवेन, आणि इतिवृत्ताच्या पहिल्या ओळीत, उपस्थितांच्या नावांखाली, ‘ध्वनियंत्र बंद’ अशी नोंद करेन. ही नोंद करू नये असे आपले म्हणणे असल्यास तेही लेखी कळवावे.

कळावे,

आपली विश्वासू,
आपल्या बैठकांची इतिवृत्ते लिहिणारी